रुख्माच्या मांडवातली तार

रुख्माच्या मांडवात नवरदेवापेक्षा पोस्टमनची वाट पाहणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे केवळराम. आईबाप लहानपणीच गेलेले, वाढवले काका बकारामने. नात्याने तो रुख्माचा चुलतभाऊ, कामाने घरात पाणी भरणारा, आणि बुद्धीने सौंदडातला मॅट्रिक झालेला पहिलाच. नागपूरच्या एका नामवंत कॉलेजात त्याने विज्ञान शाखेला अर्ज केला होता. कॉलेजने कार्ड पाठवून कळवले होते की त्याचे नाव प्रतीक्षायादीत असून जागा रिकामी झाल्यास कळवण्यात येईल. नकार देण्याचे धैर्य नसलेल्या आणि होकाराची घाई नसलेल्या विद्वानांनी शोधून काढलेली ही तिसरी अवस्था त्याने काकाला समजावण्याचा प्रयत्न केला होता.

"म्हंजे नंबर लागला का नाई लागला?" बकारामने विचारले.

"लागला नाई. पन लागू शकते."

"कवा?"

"ज्याचा लागला, तो आला नाई तं."

बकारामने विडी विझवली. "समजलं. रोवन्याच्या वक्ती आपून चार पेंड्या धानाची रोपं, परहे, जास्तीचे धुऱ्यावर ठेवतो. बांधीत एखादा परहा मेला तं त्याच्या जागी लावतो."

"तसंच."

"अन् नाई मेला तं?"

केवळराम हातातले कार्ड उलटून पाहू लागला.

"बैल खाते," असे उत्तर बकारामने स्वतःच दिले, आणि तो मांडवाच्या बल्ल्या रोवायला गेला.

हळदीच्या दिवशी, शनिवारी, दुधराम आला. गावचे टपाल तोच वाटी आणि स्टेशनावरची तारही तोच आणी. पण त्या दिवशी तो समोरच्या वाटेने न येता टोपी हातात घेऊन गोठ्यामागून बकारामकडे आला. तिथे काय झाले ते केवळरामला फार नंतर कळले. बंद पाकिटातली तार त्याच्याच नावाची होती, नागपूरहून आलेली. सौंदडात तोवर आलेली प्रत्येक तार कोणी तरी गेल्याची होती, आणि नागपुरात केवळरामचे माणूस एकच होते: गिरणीत कामाला असलेला मामा शालीकराम.

"मामा गेला वाटते," दुधराम पुटपुटला. "फोडू का जी?"

"फोडशील तं याद राख!" बकाराम म्हणाला. "आयकलं का सुतक लागते. आयकलंच नाई तं कायचं सुतक?"

शास्त्र पाहिले तर मामाचे सुतक भाच्याला. बकारामच्या घराला त्याचा स्पर्शही नव्हता. पण मांडवाला शास्त्र कळत नाही, रडणे कळते. बकारामने तार धानाच्या ढोलीत खोल खुपसली आणि रुख्माची पाठवणी होईपर्यंत शालीकरामला जिवंत ठेवण्याचा निर्णय घेतला. ही गोष्ट त्याने फक्त आपल्या बायकोला, देवकाबाईला सांगितली. देवकाबाईने फक्त शेजारच्या नंदाबाईला सांगितली. नंदाबाईने मांडवात जेवढी माणसे होती तेवढ्यांनाच.

दुधराम परत निघालेला दिसताच केवळराम धावत गेला. "दुधरामभाऊ, कालेजचं पत्र आलं का जी?"

"पत्र नाई आलं गा बाबू," दुधराम खाली पाहत म्हणाला, आणि त्याने केवळरामच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या क्षणापासून जग बदलले. एरवी शेवटच्या पंगतीत, उरले तर जेवणारा केवळराम पहिल्या पंगतीत बसवला गेला. पाण्याची घागर त्याच्या हातातून काढून घेण्यात आली. ज्या बायांनी त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते, त्या त्याच्याकडे पाहून डोळे पुसू लागल्या. आधी त्याने मागे वळून पाहिले, की हे दुसऱ्या कोणासाठी तर नाही. एरवी 'ए' म्हणणारी देवकाबाई त्याला 'राजा' म्हणू लागली.

"घे राजा, आनखी बुंदी घे."

"काकू, पोट भरलं."

"भरू दे. दुःखात मानसानं..." नंदाबाईने तिला कोपराने ढोसले. "सुखात मानसानं खाऊन घ्यावं," देवकाबाईने वाक्य वळवले.

पोरक्या माणसाला माया ओळखता येते, तिचे कारण विचारता येत नाही. लग्न संपेपर्यंत केवळरामने पोस्टाच्या वाटेकडे एकदाही पाहिले नाही.

बुधवारी रुख्माला नेणारी बैलांची खाचर वळणाआड गेली आणि बकारामने ढोलीत हात घातला. बाया पदर सावरून तयार बसल्या. केवळरामने पाकीट फोडले. जागा रिकामी झाली आहे, सोमवारी दुपारपर्यंत हजर व्हा, असे इंग्रजीत लिहिले होते. तो ढोलीला टेकून खाली बसला.

"अगा माह्या शालीकरामभाऊ!" देवकाबाईने सूर लावला.

"काकू, मामा जिता हाय."

सूर मध्येच तुटला. "मंग मेलं कोन?"

"कोनीच नाई. कालेजात जागा होती. सोमवारपावेतो."

"कोनी मेलं नाई, मंग तोंड पाडून कायले बसला गा?" बकाराम म्हणाला. आवाजात फसवले गेल्याचा संताप होता.

"ए," देवकाबाई उठत म्हणाली, "आंगनातल्या पत्रावळी उचल."

तरीही दुसऱ्या दिवशी केवळराम छोट्या गाडीने गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला गेला. कॉलेजच्या कारकुनाने तार पाहिली आणि अत्यंत सभ्यपणे हसला.

"जागा तीन होत्या. आम्ही तारा नऊ पाठवल्या."

"तीन जागांसाठी नऊ?"

"सगळे थोडेच येतात! कोणाचं लग्न निघतं, कोणाची पेरणी, कोणाला तार वेळेवर पोचत नाही. जागांइतक्याच पाठवल्या तर बाकं रिकामी राहतात. अनुभवानं अंदाज बसतो. यंदा तर बरोबर तिघेच आले."

"अन् मी वेळेवर आलो असतो तं?"

कारकुनाने तार त्याला परत दिली. "मग जरा अडचण झाली असती," तो म्हणाला. ज्या शास्त्रासाठी केवळरामला इथे यायचे होते, त्यात त्याची अनुपस्थिती आधीच अचूक मोजून ठेवलेली होती.

तो सौंदडला परतला तेव्हा उंबऱ्याबाहेर दगड मांडलेला होता, शेजारी पाण्याची बादली. गावाने एवढ्या दिवसांची माया आणि एक अर्धा हंबरडा खर्च केला होता, तो वाया जाऊ देण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

"आंघोळ कर, मंग घरात ये," देवकाबाई म्हणाली. "तार आली, तू धावत गेला, असं तोंड घेऊन आला. आमाले काई समजत नाई का?"

"मामा नाई गेला, काकू."

"मंग कोन?"

केवळराम दगडावर बसला आणि त्याने पहिला तांब्या डोक्यावर ओतला. "ओळखीचा होता."

"म्हातारा होता का?" नंदाबाईने कुंपणापलीकडून विचारले.

"नाई. माह्याच वयाचा. कालेजात जानार होता."

"अरे माह्या राजा!" देवकाबाईने डोळ्यांना पदर लावला. मग तिने रिकामी होत आलेली बादली उचलली, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच केवळरामसाठी कोणीतरी विहिरीवर पाणी भरायला गेले.