बाकाखालचं पुस्तक

एका जंगलात बुधवार होता. बाकी विशेष काही नव्हतं.

मुलांनो, गोष्टीत नेहमी 'एके दिवशी' असतं, हे मला माहीत आहे. पण हा बुधवारच होता, कारण घोरपड दर बुधवारी नदीकाठच्या खडकावर अंग शेकत पडायची. तिथे टिटवी आली. टिटवी म्हणजे जंगलाचं वर्तमानपत्र. काडी मोडली तरी झाड पडल्यासारखी ओरडायची. त्या दिवशी ती खडकावर उतरली आणि हळू बोलली. घोरपडीला तेव्हाच कळलं.

"साळिंदर गेला," टिटवी म्हणाली. "पहाटे. डांबरी रस्त्यावर. गाडी होती."

"कुठे निघाला होता?"

"तोंड विश्रामगृहाकडे होतं."

"बरोबर काही होतं?"

"काही नव्हतं."

म्हणजे जाताना. येताना नव्हे. घोरपडीने कूस बदलली आणि दुसरी बाजू शेकायला घेतली. दुसरं काय करायचं, ते तिला सुचलं नाही.

आता तुम्ही विचाराल, साळिंदर विश्रामगृहाकडे कशाला जात होता? पुस्तक आणायला. विश्रामगृहात माणसं येतात, मोठमोठ्याने जेवतात आणि पुस्तकं विसरून जातात. तिथलं एक अख्खं कपाट अशा विसरलेल्या पुस्तकांनी भरलं होतं. त्याच्या जोरावर बेहड्याच्या झाडाखाली एक वाचक मंडळ चाललं होतं. किती वर्षं, ते विचारू नका. मंडळ सुरू झालं तेव्हा बेहडा खांद्याएवढा होता.

घोरपडीला वाचता येतं का, असंही कोणीतरी विचारेल. येतं. तुमच्या वर्गातल्या काहींपेक्षा बरं येतं.

मंडळाची पद्धत सोपी होती. दर पौर्णिमेला एकाचा नंबर. ज्याचा नंबर, त्याने पुस्तक आणायचं. ते सगळ्यांनी आळीपाळीने वाचायचं आणि मग भांडायचं. चिटणीस होता धनेश पक्षी. त्याची चोच मोठी होती आणि ती उघडण्याची त्याला आवड होती. रानडुक्कर खाणं आणायचं. पुस्तक वाचून झाल्यावर ते उरलेलं पुस्तकही खायचं. टिटवी फक्त शेवटचं पान वाचायची आणि सगळ्यांना सांगून टाकायची.

आणि साळिंदर. त्याला भांडायला आवडायचं. वाचता वाचता जिथे राग येईल, तिथे तो स्वतःचा एक काटा उपटून पानात खोचायचा आणि पुस्तक मिटायचा. जंगलात सगळे तोच काटा खुणेला वापरत. "कुठवर आलात?" असं कोणी विचारत नसे. "साळिंदराचा दुसरा काटा ओलांडला का?" असं विचारत.

गंमत म्हणजे त्याने स्वतः कधी पुस्तक निवडलं नाही. त्याचा नंबर आला की तो शेजारी बसलेल्या घोरपडीला म्हणायचा, "तुम्ही घ्या बाई. मला भांडता येतं, निवडता येत नाही." घोरपड घ्यायची. तिला दोन नंबर मिळायचे, मग कशाला नाही म्हणेल? घोरपडीने एकदा काही धरलं की ती सोडत नाही, हे तुम्ही ऐकलं असेलच.

पण मागच्या बैठकीनंतर पायवाटेने परतताना साळिंदर म्हणाला होता, "ह्या वेळी माझा नंबर मीच घेणार आहे."

"घ्या की," घोरपड म्हणाली. "जाड नको मात्र. मागच्याने माझी मान धरली."

"तुम्हाला आवडणार नाही ते."

"मग आणता कशाला?"

"भांडायला," साळिंदर म्हणाला आणि काटे खुळखुळवत आपल्या बिळाकडे वळला.

नाव विचारावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण तिला भूक लागली होती. आणि पौर्णिमा काही लांब नव्हती.

तर बुधवारी बातमी आली आणि गुरुवारी धनेशाने तातडीची बैठक बोलावली.

"दुःख मोठं आहे," धनेश म्हणाला. "तेव्हा कार्यक्रमही मोठा हवा. पौर्णिमेला स्मृतिवाचन करू. अध्यक्ष म्हणून वाघमहाराज येतील. मी शब्द टाकलाय."

"पौर्णिमेला साळिंदराचा नंबर आहे," घोरपड म्हणाली.

"अहो बाई, तेच म्हणतोय मी. त्यांच्या नंबरावर त्यांचंच आवडतं पुस्तक वाचायचं. 'डरकाळीनंतरची शांतता'."

हे पुस्तक वाघमहाराजांनी स्वतः लिहिलं होतं. कविता होत्या. जंगलातल्या प्रत्येक मंडळाला प्रती सप्रेम भेट आल्या होत्या आणि सोबत दोन कोल्हे आले होते, प्रती पोचल्या की नाही ते बघायला.

"मी खाल्लं ते," रानडुक्कर म्हणालं. "रात्रभर पोटात गुरगुरत होतं."

"आणि साळिंदरांनी आपली प्रत काय केली, ते सगळ्यांना ठाऊक आहे," घोरपड म्हणाली.

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. बेहड्याखाली माणसांनी सोडलेला एक लाकडी बाक होता. त्याचा एक पाय आखूड होता. प्रती आल्या त्याच संध्याकाळी साळिंदराने आपली प्रत त्या पायाखाली सारली होती. तेव्हापासून बाक हलला नव्हता. मंडळाच्या इतिहासात एखाद्या कवितासंग्रहाचा इतका उपयोग झालेला नव्हता.

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," धनेश म्हणाला.

"मी पुस्तकाबद्दल बोलतेय."

"बाई, मी हे कोणासाठी करतोय? पावसाळ्यात आपण भिजतो. महाराज खूश झाले तर बाकावर पत्रा घालून देतील. साळिंदरांची केवढी इच्छा होती."

"साळिंदरांना पत्र्याचा आवाज सहन होत नसे. नंबर त्यांचा आहे. रिकामा ठेवा."

"रिकामं काय वाचणार?"

"काही नाही. बसू आणि घरी जाऊ."

धनेशाने स्मृतिवाचनाचा ठराव मताला टाकला. तो बहुमताने मंजूर झाला. टिटवीने दोन्हीकडे मत दिलं.

पौर्णिमा आली. कोल्ह्यांनी फुलांचं तोरण लावलं. साळिंदराचा फोटो नव्हता, म्हणून वाघमहाराजांचा लावला. घोरपड सर्वांच्या आधी येऊन बाकावर बसली. आपल्या नेहमीच्या टोकाला. डावीकडची जागा तिने मोकळी ठेवली. कोणी तिथे बसू लागलं की ती नुसती बघायची.

धनेशाचं भाषण छान झालं. त्यात साळिंदर दोनदा आला, महाराज पुष्कळदा आले. शेवटी तो म्हणाला, "'डरकाळीनंतरची शांतता' हा त्यांचा आधार होता."

"बाकाचा," रानडुक्कर पुटपुटलं.

"ते पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत इथून हलू दिलं नाही," धनेश म्हणाला. हे मात्र खरं होतं.

वाघाने मान वर केली. "मग ती प्रत आणा. मी त्याच प्रतीतून वाचेन."

मुलांनो, खोटं बोलताना एक लक्षात ठेवा. ते फार सुंदर बोलू नये. ऐकणाऱ्याला हात लावून पाहावंसं वाटतं.

धनेश उडत घोरपडीजवळ आला. "बाई, जरा उठता का? पुस्तक हळूच काढतो, पुसतो आणि देतो."

"नाही."

"पत्रा जाईल हो."

"जाऊ दे."

"पत्र्याचं सोडा. आपण सगळे जाऊ."

घोरपडीने चारी पंजांनी बाक धरला. आता तिला हत्तीनेही उठवलं नसतं. तिच्या मनात स्पष्ट होतं. वाघाने विचारावं. मग ती सगळं सांगणार होती. साळिंदराने ह्या पुस्तकाला काय मानलं होतं, ते एकदा मोठ्याने सांगणार होती. पुढचं पुढे.

वाघ उठला. चालत बाकापाशी आला. त्याने खाली वाकून पाहिलं आणि एका पंजाने घोरपडीसकट बाक उचलला.

पुस्तक बाहेर आलं. चिखलाचं, चपटं, एका कोपऱ्याला वाळवीने चाखलेलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

वाघाने पुस्तक उघडलं. आत काटा होता. अर्पणपत्रिकेच्या पानावर. त्या पानावर छापलं होतं, 'माझ्याच डरकाळीस'.

"हे काय?" वाघाने विचारलं.

"त्यांची खूण आहे," घोरपड म्हणाली. "इथे थांबले ते."

"पहिल्याच पानावर?"

"पुढे जाववलं नाही त्यांना."

तिने आणखी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला दिसलं, वाघाचे डोळे भरून आले होते.

"अर्पणपत्रिकेनेच गहिवरला," वाघ म्हणाला. "असा वाचक मला मिळाला नाही. आणि हा चिखल बघा. जमिनीवर बसून वाचत असणार." त्याने पुस्तक छातीशी धरलं. "ही प्रत मी नेतो. तुम्हाला पत्रा मिळेल."

टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात धनेशाने वाजवल्या, कारण त्याचे पंख सर्वांत मोठे होते.

घोरपडीच्या पोटातून हसू वर आलं. बुधवारनंतरचं पहिलंच. आवरेना. ती डावीकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत का, तुम्ही गहिवरलात म्हणे..."

डावीकडे मोकळी जागा होती. पायाखालचं पुस्तक गेल्यामुळे बाक त्याच बाजूला कलला.

मग वाघाने कविता वाचल्या. त्या मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

पत्रा आला. पावसात त्याचा एवढा आवाज होतो की खाली बसून बोललेलं ऐकू येत नाही. पुढच्या पौर्णिमेला धनेश म्हणाला, "आता तुमचा नंबर, बाई."

"अजून त्यांचाच आहे," घोरपड म्हणाली. आणि ते तिने धरून ठेवलं.

तेव्हापासून मंडळात पुस्तक येत नाही. साळिंदर कोणतं आणणार होता, ह्यावर भांडण मात्र चालू आहे. धनेश म्हणतो, नक्की चरित्र. टिटवी म्हणते, ज्याचा शेवट दुःखाचा असेल ते. रानडुक्कर म्हणतं, पातळ कागदाचं असणार, माझी काळजी होती त्याला. घोरपड दर वेळी सगळ्यांचं खोडून काढते. इतकं चांगलं भांडण मंडळात पूर्वी कधी झालं नव्हतं.

तात्पर्य : ग्रंथ हेच गुरू, असं तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ते खोडू नका, शिक्षक रागावतील. पण वाईट पुस्तक कधी टाकून देऊ नये. आयुष्यात बरेच बाक हलतात. आणि न वाचता प्रतिक्रिया द्यायची झाल्यास पहिल्या पानावरच थांबावं, म्हणजे लेखकाला आपण रडलो असं वाटतं. चांगल्या पुस्तकाचं नाव मात्र मित्राला वेळीच विचारून घ्यावं, असं मोठी माणसं सांगतील. त्यांचं फार मनावर घेऊ नका. त्यांनीही विचारलेलं नसतं.

साळिंदराचं पुस्तक विश्रामगृहाच्या कपाटात आहे. ते अजून कोणी आणलेलं नाही.