शरफूभाईंची मागची सीट

शरफूभाईंच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर मी कधीही कोणाला बसलेलं पाहिलं नाही. एकदा कारखान्यात शिडीवरून घसरून माझा पाय मुरगळला. बस निघून गेली होती, उन्हानं डांबर बुटाला चिकटत होतं आणि शरफूभाई नेमके कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीत, माझ्याच गल्लीत निघाले होते. मी लंगडत त्यांच्या गाडीकडे गेलो. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी पुढं बसा. मी ढकलतो."

आणि खरोखरच ढकलत नेलं. टॅक्सी मिळेपर्यंत, चांगला अर्धा मैल. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी हँडल धरून बसलो होतो आणि मागून शरफूभाईंचा श्वास ऐकू येत होता. एवढ्या उठाठेवीपेक्षा मागच्या सीटवर बसवणं सोपं होतं, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळी ते फक्त म्हणाले, "ती जागा भरलेली हाय."

शरफुद्दीन मुकादम रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. कुवेत स्वतंत्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही दोघंही मीना अल-अहमदीच्या तेलकारखान्यात होतो. ते गाड्यांच्या वर्कशॉपात फिटर, मी ड्राफ्ट्समन. नकाशे काढतो आणि अक्षर बरं आहे एवढ्या भांडवलावर त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं. त्यांना लिहिता येत नसे, त्यामुळे घरची पत्रं माझ्याकडे. ठेंगणी मूर्ती, मेंदी लावलेली दाढी आणि खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत. "इंजन खोटं बोलत नाय, मास्तर. माणूस बोलतो." मला एकदा ताप आला, तेव्हा तोच स्क्रूड्रायव्हर छातीला लावून त्यांनी माझंही निदान केलं होतं. "टॅपेट वाजताय. पडून ऱ्हावा."

असा माणूस मागच्या चाकात हवा मात्र दोघांच्या वजनाची भरायचा. मागचे फूटरेस्ट नेहमी उघडे. सीटवर रोज सकाळी ओलं फडकं.

मला वाटायचं, लहर असते एकेकाची. मग एका दुपारी तोझ आला. धुळीच्या वादळाला तिकडे तोझ म्हणतात. दुपारचे दोन म्हणजे तिन्हीसांज होते. त्यातून शरफूभाई माझ्या दाराशी येऊन थांबले. भुवया पिवळ्या, टाकी पिवळी, दिवा पिवळा. मागची सीट तेवढी स्वच्छ, काळीभोर. एक कणही नाही. जणू कोणी आत्ताच तिच्यावरून उठून गेलं होतं.

शरफूभाईंनी माझी नजर पाहिली आणि पाणी मागितलं. पाणी पिता पिता त्यांनी युसूफची गोष्ट सांगितली.

युसूफ त्यांचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जहाजावर कोळसा मारायच्या नोकरीला लागला. थंडीच्या दिवसांत जहाज रशियाच्या पलीकडे बाल्टिक समुद्रावर रीगा नावाच्या बंदराला लागलं, आणि परत आलं ते युसूफला न घेता. कंपनीचं पत्र आलं की खलाशी जहाजावर हजर नाही. मेला असं कोणी म्हणेना, आहे असंही म्हणेना. गावच्या मौलवींनी दोन वर्षांनी मेलेल्यासाठी वाचायच्या फातेहाची गोष्ट काढली. आईनं त्यांना दारातून परत पाठवलं. खबर आल्याशिवाय माझ्या पोराला मेला म्हणायचं नाही, असं तिनं बजावलं. तेव्हा शरफूभाई बारा वर्षांचे होते. आता म्हातारीला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं.

"ती जायच्या आधी तेची खबर आणायची," शरफूभाई म्हणाले. "सापडला तर तेलाच आणायचा. मग बसवू कुठं? म्हणून जागा ठेवलीय."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला हसूही आलं नाही आणि वादही घालता आला नाही.

योग आणला हॅरिस नावाच्या साहेबानं. हा इंजिनियर भलताच हौशी. रजेत मोटरसायकलींवरून रशिया बघायचं त्याच्या डोक्यात आलं, आणि रीगा आता रशियातच मोडत होतं. एक स्कॉटिश दोस्त त्यानं तयार केला, वाटेत गाड्या दुरुस्त करायला शरफूभाई घेतले. मला नकाशे वाचायला घेतलं, असं तो म्हणायचा. शरफूभाई माझ्याशिवाय हलायला तयार नव्हते हे खरं कारण. मी जुनी गाडी घेतली आणि त्यांच्याकडून चालवायला शिकलो, अर्थात माझ्याच गाडीवर. परवानगीचे कागद वर्षभर फिरत होते. अर्ज मीच माझ्या अक्षरात लिहिला होता. माणसं चार, गाड्या चार.

बसरा, बगदाद, तुर्कस्तान, बल्गेरिया, रुमानिया करत आम्ही रशियाच्या हद्दीवर पोचलो. तिथे सरकारी दुभाषी लिडियाबाई पुढे मोटार घेऊन आमच्या वाटाड्या झाल्या. करड्या कोटातली कडक बाई. त्या आमच्यात जेवत नसत. पहिल्याच हॉटेलात जेवायला बसलो तर आमच्या टेबलावर पाच ताटं.

"आम्ही चौघं आहोत," हॅरिस म्हणाला.

लिडियाबाईंनी यादी काढून बोट ठेवलं. "यादीत पाच आहेत."

"पण मोजा ना!"

"मोजायचं काम यादी करते."

कीव्हला पाच ताटं, मॉस्कोला पाच, लेनिनग्राडला पाच. हॅरिस रोज भांडायचा आणि स्कॉटिश दोस्त रोज पाचवं ताट खायला हात पुढे करायचा. शरफूभाई ते ताट शांतपणे आपल्या बाजूला ओढून ठेवत. स्वतः खात नसत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. "असूं दे, मास्तर," एवढंच. मी अर्जाची माझ्याकडची नक्कल चार वेळा काढून पाहिली. चारच होते.

तालिन सोडल्यावर धुकं लागलं. दुतर्फा पाइनची झाडं आणि भर सकाळी पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसे. एका वळणावर गाड्या तापल्या म्हणून थांबलो. रस्त्याकडेच्या घरातून डोक्याला रुमाल बांधलेली एक आजी दुधाची बरणी घेऊन आली. तिनं हॅरिसला पेला दिला, त्याच्या दोस्ताला दिला, मला दिला, शरफूभाईंना दिला. मग पाचवा पेला भरला, शरफूभाईंच्या गाडीच्या मागे गेली आणि रिकाम्या सीटसमोर हात लांब करून उभी राहिली. बराच वेळ. मग काहीतरी पुटपुटली, पेला सीटवर ठेवला आणि घरात गेली.

मी भित्रा माणूस आहे, मी माझ्या गाडीच्या मागे सरकलो. शरफूभाईंनी तो पेला उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी जपून ओतला.

रीगाला लिडियाबाईंनी अनपेक्षित माया दाखवली. बंदरात हिंडून त्यांनी एक म्हातारा हमाल शोधला. तो पूर्वी खलाशांच्या इस्पितळात झाडूवाला होता. तो आम्हा दोघांना नदीकाठच्या कब्रस्तानात घेऊन गेला. गवतात एक लोखंडी पट्टी, तिच्यावर आकडा. लिडियाबाई भाषांतर करत होत्या. दूरच्या देशाचा काळा खलाशी, जहाज निघालं त्याच सकाळी रस्त्यावर पडलेला सापडला, छातीत न्यूमोनिया, तीन आठवडे टिकला. त्याची भाषा कोणाला येत नव्हती. घोंगडी डोक्यावर ओढून तो एकच शब्द म्हणत राहायचा.

"कोणता?" मी विचारलं.

म्हाताऱ्याला अर्थ ठाऊक नव्हता, पण पंचवीस-तीस वर्षं त्यानं तो जसाच्या तसा जपला होता. बोळक्या तोंडानं तो म्हणाला, "आये."

शरफूभाई खाली बसले. मी म्हटलं, "फातेहा वाचा, शरफूभाई." त्यांनी हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"नको. वाचली तर तो मेला. आयेनं अजून म्हटलेलं नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, कागद काढा. लिवा. आये, युसूफ गावला. बरा हाय. हितली बायको केलीन, दोन पोरं हायत. हितलं सरकार माणसं भायर सोडत नाय, म्हणून आला नाय."

मी लिहिलं. नाही लिहायचं असं मला सुचलंदेखील नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला चारच ताटं होती. मी लिडियाबाईंना यादी दाखवायला सांगितली. तिच्यात चार होते. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून चारच आहेत.

कुवेतला परतलो तर आईनं शेजाऱ्याकडून लिहवलेलं उत्तर येऊन पडलं होतं. पोरांची नावं काय? कोणासारखी दिसतात? शरफूभाई माझ्या खोलीत घाम पुसत बसले. इतकं अवघड काम वर्कशॉपातही त्यांच्यावर कधी आलं नव्हतं. शेवटी हसन आणि झुबेदा जन्माला आले. पुढची तीन वर्षं दर महिन्याला आम्ही दोघं त्या पोरांना वाढवत होतो. हसनला गोवर आला. झुबेदा शाळेत पहिली आली. एकदा मी हसनला नापास केलं, तर शरफूभाई माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. युसूफच्या बायकोनं पाठवली म्हणून त्यांनी कुवेतच्याच सालमिया बाजारातून लोकरीची शाल घेतली आणि दुकानाची चिठ्ठी उसवायला मला बसवलं. म्हातारीकडून पोरांसाठी आमसुलं येत, गोधड्या येत, पुढे झुबेदाच्या मापाची बांगडी आली. कुठलं माप, कोणी कळवलं होतं? मी तरी लिहिलं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी नमाजानंतर ते आले. हातात तार होती. आई गेली होती.

"तुमी बसा नुसते," ते म्हणाले. "कोणतरी सोबत पायजे."

चटईवर बसून त्यांनी फातेहा वाचली. आईसाठी वाचली. मग थोडं थांबून पुन्हा हात उचलले आणि भावाचं नाव घेतलं. इतकी वर्षं अडवून धरलेलं ते नाव निघताना त्यांचा आवाज फुटला आणि ते लहान पोरासारखे रडले. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, मी ठेवला. त्या घरातलं आता त्यांच्याशिवाय कोणीच उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"मास्तर, कागद घ्या. झुबेदाला कळवायला पायजे. आजी गेली तिची."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. मी पेन उघडलं आणि लिहायला घेतलं, चिरंजीव झुबेदा.

"हळू सांगा तिला," शरफूभाई म्हणाले. "लय हळवी पोर हाय."