वंदी काही बसत नाही

या गो, जवळ या, अशा दारात उभ्या राहू नका. आणि तो मोबाईल आधी पिशवीत टाका. टीव्हीवरच्या वंदीचं घर कुठलं म्हणून विचारत येता, तिच्या अंगणात उभ्या राहून फोटो काढता आणि माझ्याकडचा घोटभर चहा न घेता निघून जाता, ही काय रीत झाली? तिच्याबद्दल दोन शब्द तरी ऐकून जा. मी तिला ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखते, कारण ते फ्रॉक मीच शिवलेले आहेत.

तर पहिली गोष्ट अशी, की वंदी बसत नाही. आमच्या ह्यांची पोफळीच्या वीजघरातली नोकरी संपली आणि आम्ही रत्नागिरीला येऊन इथे शेजार केला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ही मुलगी माझ्या घरात खुर्चीला टेकलेली मी पाहिली नाही. मी म्हणते, बस. ती म्हणते, "बसते ना, बसते," आणि कपबशी घेऊन पडवीतून मागीलदारी, मागीलदारातून परत पडवीत. चहा संपेपर्यंत माझ्या घराला तिच्या पाच-सहा प्रदक्षिणा होतात. बशी मग कधी फ्रिजवर सापडते, कधी तुळशीपाशी. जेवते तीही उभ्यानेच, ओट्याला टेकून. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिला बघून मलाच धाप लागते.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तिच्या आईने, अनसूयाने, मासळी बाजारात एका लाकडी फळीमागे बसून तीस वर्षं मासे विकले. गुडघे गेले, कंबर गेली. नवरा लवकर गेला, तेव्हा घरात करणारी ती एकटी. वंदी शाळेतून येऊन आईशेजारी टेकली, की अनसूया तिला कोपराने उठवायची. "ऊठ. तू नाय बसायचं हितं." पोरीने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

बरं, स्वतः बसत नाही ते नाहीच, वर दुसऱ्याची चालही सोडत नाही. एकदा आम्ही स्टँडवर राजापूरच्या गाडीसाठी उभ्या होतो. समोरून एक बाई चालली होती, डाव्या काखेत फणस, उजव्या हाताने नातीला ओढत. वंदी निघाली तिच्या मागून. तशीच तिरकी, काखेत माझी पर्स. पुढे ती, मागे ही, सगळा स्टँड पार. बाई वळली. मला वाटलं, आता फणस वंदीच्या डोक्यात. पण ती बाई कळवळून म्हणाली, "तुमची पण कंबर धरलीय काय?" मग दोघी कुठल्या तेलाने मालिश करावं यावर बोलत राहिल्या आणि राजापूरची गाडी गेली.

याच पायांपायी तिचं नाटक-सिनेमाचं आधी काही जमेना. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, एकांकिका स्पर्धांमध्ये बक्षिसं आणली. मुंबईला गेली, तिथे पाच मुलींच्या खोलीत राहिली. एका मालिकेत तिला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांतली एक केली. आठ दिवस नुसतं तबक धरून उभं राहायचं. दिग्दर्शक ओरडला, ते तबक कोण हलवतंय? मग दुसऱ्या मालिकेत बेशुद्ध रोगी. म्हटलं, आता तरी पडून राहील. नायिका हिच्या उशाशी रडतेय आणि चादरीखालून हिच्या पायाचा अंगठा टकटक हलतोय. सगळं युनिट हसत सुटलं. तिथल्या एका लेखकाने तिला विनोदी कार्यक्रमात बोलावलं. आमच्या वंदीचं नशीब असं अंगठ्यातून उघडलं.

तेव्हापासून तिच्या स्किटांचे ब्लाऊज माझ्याकडे. मी कुठे शिवणाचा क्लास केलेला नाही, जुने कपडे उसवून उसवून शिकले, पण हात साफ आहे. ही येऊन सांगते, "काकी, काखेत जरा फाटका शिव." मी म्हटलं, अगो, फाटू नये म्हणून मी जन्मभर मशीन चालवली. तर म्हणते, "फाटका नको मग. फाटत आलेला शिव." आता फाटत आलेला ब्लाऊज कसा शिवायचा, ते तुम्हीच मला सांगा.

तो ब्लाऊज होता मासेवालीचा. हो, तीच, जिच्यासाठी तुम्ही आल्या आहात. गिऱ्हाईक बांगड्याचा कल्ला उघडून, दाबून, वास घेऊन बघतं, आणि ती म्हणते, "डाक्टर हाय काय तुमी? नाडी कसली बघताय? मेलाय तो. सोडा हात त्याचा." अख्खा महाराष्ट्र हसला त्यावर. पण ते वाक्य काही लेखकाचं नव्हे. अनसूयाचं. आम्ही बाजारात ते शंभर वेळा ऐकलेलं.

आणि इथेच सगळी गोम होती. कारण वंदीने ती मासेवाली करायला घेतली, त्याच्या सहाच महिने आधी अनसूयाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जिच्या हाकेने रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक वळायचं, ती बाई आता पाणी हवं तरी नुसती बोट दाखवायची. वंदीने सांभाळायला बाई ठेवली, पंधरा दिवसांनी रात्रीची गाडी पकडून स्वतः यायची, पण आळीला तोंड असतंच. आई घरात मुकी पडलीय आणि ही तिच्याच बोलण्यावर टाळ्या घेतेय, असं लोक बोलू लागले. खोटं कशाला सांगू, मीही वंदीला ते ऐकवलं.  वंदी चहाची बशी घेऊन मागीलदारी गेली, ती बराच वेळ परत आली नाही.

कार्यक्रम लागला, की मी अनसूयाकडे जाऊन टीव्ही लावायची. वंदी पडद्यावर आली, की अनसूया डाव्या हाताने खाट धरून कशीबशी कूस बदलायची आणि भिंतीकडे तोंड करायची. दर वेळी. मला फार वाईट वाटायचं. दुसऱ्या दिवशी वंदीचा फोन यायचाच. फोनवरसुद्धा तिच्या चपला वाजताना ऐकू यायच्या. "काकी, आई बघते ना गो?" मी म्हणायची, बघते की. "हसते?" मी म्हणायची, गालात.

मग एक दिवस ती न कळवता आली. चॅनेलवाले म्हणाले होते, मासेवाली आता जुनी झाली, शेवटचा एक भाग करू आणि नवीन काहीतरी आणू. वंदी माझ्या घरात फिरत होती, चहासुद्धा न घेता. मी म्हटलं, बरं झालं, आळीची तोंडं बंद होतील. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर उभी राहिली, एका जागी.

"काकी, माझ्याकडे तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. मी बोलते तेवढाच उरलाय. मी करायचं थांबवलं, की जाईल तो. आणि ते तिला आवडतं का नाही, तेही मला माहीत नाही."

तेव्हा मात्र माझ्याने राहवेना. भिंतीचं मी सांगून टाकलं. ती ऐकून घेऊन घराबाहेर पडली. मला वाटलं, गेली मुंबईला. तर अर्ध्या तासाने दारात रिक्षा. आत अनसूया, नवीन लुगडं, केस विंचरलेले, आणि वंदी रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धी लटकलेली. म्हणाली, "बाजारात चल. तिच्यासमोर करते. नको असेल, तर तिथंच सांगू दे मला."

बाजारात अनसूयाची जागा जैबुनने धरून ठेवली होती. दोघी तीस वर्षं शेजारी बसलेल्या, रोज भांडलेल्या. तीन वर्षं जैबुन तिथे आपल्या रिकाम्या पाट्या ठेवून कुणाला बसू देत नव्हती. अनसूयाला तिने खुर्ची दिली, फळी पुसून तिच्यावर आपले दोन वाटे बांगडे मांडले आणि वंदीला म्हणाली, "उभं राहून मासं इकत नायत गो. बस."

आणि वंदी बसली. मांडी घालून, फळीमागे. मी जैबुनकडे बघितलं, पण तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

वंदीने हाक दिली. टीव्हीवर देते तशी नाही, जरा चाचरतच. अनसूयाने तोंड फिरवलं, माझ्या बाजूला. वंदीचा आवाज तिथेच खाली आला. पण या वेळी मी भिंतीच्या जागी उभी होते ना. मला दिसलं. अनसूयाचे डोळे मिटलेले होते आणि ओठांची डावी बाजू हलत होती. एकेक शब्द, लेकीच्या जरा आधी. विग लावलेली, रंगवलेली वंदी तिला बघायची नव्हतीच. तिला ऐकायचं होतं.

मी म्हटलं, वंदे, थांबू नको. म्हण पुढे.

ती म्हणू लागली. मोठ्याने, मान वर करून. तेवढ्यात आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दरवर्षी पुढे ढकलतात. खाली वाकून बांगड्याचा कल्ला दाबत, वर न बघताच म्हणाले, "अनसूयाबाई, बऱ्या झालात वाटतं. आवाज सुटला."

 पुढचं वाक्य सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण वंदी ते सोडून आईकडे बघू लागली.  आणि अनसूयाने खुर्चीतून वाकून, डाव्या हाताने, गुरुजींचं मनगट धरलं आणि त्यांचा हात बांगड्यावरून उचलून बाजूला ठेवला. मग अर्ध्याच तोंडाने हसली.

गुरुजींनी बांगडे घेतले. वाटे संपेपर्यंत वंदी उठली नाही.

ती मासेवाली टीव्हीवर बंद झाली, ते तुम्हाला माहीत आहे. सध्या वंदी एक बडबडी शिंपीणकाकी करते. कुणावरून ते मला विचारू नका, मी तिच्याशी त्यावरून दोन दिवस बोलले नव्हते. पण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती आईला घेऊन बाजारात जाते आणि फळीमागे तासभर बसते. अनसूया आता लवकर दमते, म्हणून मी म्हणते, फार दिवस लावू नका. पुढच्या रविवारीच या. आधी माझ्याकडे चहा घ्या, मग मी नेते तुम्हाला. फोटो काढू नका, आणि बांगडे तेवढे दाबून बघू नका.