म्हाताऱ्याची मेंदी

मायाच्या गॅलरीतला म्हातारा निवडुंग जिवंत आहे की नाही, यावरून घरात नऊ वर्षं वाद चालू होता. हातभर उंचीचा तो खांब शेंड्यापासून बुडापर्यंत पांढऱ्याशुभ्र केसांनी झाकलेला होता आणि केसांच्या आत काटे होते. माया पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. मोजल्याशिवाय बोलायची नाही. पण पट्टी लावावी तर केस कधी फुगलेले, कधी बसलेले. दर वर्षी आकडा वेगळा. तिचा नवरा रत्नदीप पाहुण्यांना सांगायचा, "हा आणला तेव्हाच गेलेला. ही अजून पाणी घालते."

म्हणून तिनं ठाण्यातल्या निवडुंगांच्या प्रदर्शनात त्याचं नाव दिलं. बक्षिसाची तिला ओढ नव्हती. परीक्षक दामाजीसरांनी रत्नदीपसमोर 'झाड वाढतंय' एवढं म्हटलं, तरी पुरे होतं.

वर्तकनगरातल्या त्यांच्या बिल्डिंगचा जुना रंग खरवडायचं काम चालू होतं. त्या धुळीनं म्हाताऱ्याचे केस काळपट झाले होते. आदल्या दिवशी मायानं लहान मुलांचा शाम्पू आणि मऊ टूथब्रश घेऊन ते धुतले. आता ते लवकर वाळायला हवे होते, नाहीतर खोड कुजलं असतं. घरात ड्रायर नव्हता. तळमजल्यावर दक्षताचं पार्लर होतं.

दक्षता म्हणाली, ठेवा खुर्चीवर, थंड हवा मारते पाच मिनिटं. पाणी ठिबकू नये म्हणून मायानं कुंडीभोवती टॉवेल गुंडाळला आणि नावाच्या चिठ्ठीची प्रिंट काढायला कोपऱ्यावर गेली. लग्नसराई होती. म्हाताऱ्याच्या शेजारी चार बायका, गळ्याशी तसेच टॉवेल गुंडाळून, ओळीनं बसल्या होत्या.

अर्ध्या तासानं ती परतली, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी होती.

"दक्षता, हे काय केलंस?"

दक्षतानं कानाचा फोन खाली घेतला आणि टोपीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "ताई, रांगेत पाच डोकी. पांढरं दिसलं की माझा ब्रश आपोआप जातो." मग टोपी उचलत म्हणाली, "आणि तो काही बोलला पण नाही."

मेंदी चढते ती माणसाच्या केसांतल्या प्रथिनाला. झाडाच्या केसांत ते नसतं, म्हणून मायाला थोडी आशा होती. पण त्या पावडरीत आणखी काय काय होतं कोण जाणे. धुतल्यावर म्हातारा गाजरासारखा निघाला.

मायानं रातोरात काही लपवायचा प्रयत्न केला नाही. चिठ्ठीवर खाली पेनानं लिहिलं : मूळ रंग पांढरा, चुकून मेंदी लागली आहे.

दामाजीसरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांचे स्वतःचे केसही साधारण त्याच रंगाचे होते. रंगवलेली झाडं स्पर्धेत घेत नाहीत, असं त्यांनी हळूच सांगितलं. मग निदान तो वाढतोय का एवढं तरी सांगा, म्हणून मायानं गळ घातली. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"या रंगाखाली काही कळत नाही, मॅडम." आणि मग आवाज उतरवून, "रंग मात्र एकसारखा बसलाय. पार्लर कुठलं?"

रत्नदीपनं दोन्ही वाक्यं ऐकली. परतताना रिक्षात त्यानं कुंडी आजारी माणसासारखी जपून मांडीवर धरली. ते जास्त लागलं.

दक्षताला मात्र चैन पडेना. ती अधूनमधून गॅलरीत येऊन आपल्या गिऱ्हाइकाची चौकशी करून जायची. एप्रिलमध्ये एका सकाळी ती वाकून बघत म्हणाली, "ताई, याचे वरून पांढरे दिसायला लागलेत. टचअप करून देऊ?"

मायानं हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं आणि पट्टी आणली. शेंड्याला कोऱ्या पांढऱ्या केसांचं एक कडं होतं, त्याखाली सगळं गाजर. मेंदी लागल्यानंतर आलेले केस ते एवढे. फुगोत की बसोत, खूण हलत नव्हती. तिनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहा मिलिमीटर.

"नको," ती दक्षताला म्हणाली. "वाढू दे."

रत्नदीप चष्मा लावून आला. त्यानं कडं बघितलं, पट्टी बघितली, बायकोचा चेहरा बघायचं टाळलं आणि आत जाऊन शहाडच्या बहिणीला फोन लावला.

"अगं, आपला म्हातारा वाढतोय. सहा मिलिमीटर. मी म्हणत होतोच."