भालेरावांची रेघ

माणसाचं खरं मोजमाप त्याच्या मरणानंतरच होतं, असं थोर लोक सांगतात. आमच्या ठाण्याच्या स्कॅन सेंटरमध्ये ते मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. उपाशीपोटी यावं लागतं.

मोजणारे भालेराव. मी तिथे रिपोर्ट टाइप करतो. कुणी नातेवाइकाला आपलं लिव्हर द्यायला तयार झालं की आधी त्याचं सीटी स्कॅन होतं. पडद्यावर लिव्हरचे पातळ काप दिसतात. प्रत्येक कापाभोवती भालेराव माउसने रेघ मारतात आणि कॉम्प्युटर बेरीज करून आकारमान सांगतो. उजवा भाग रुग्णाला जातो. देणाऱ्याकडे निदान तीस टक्के उरलं पाहिजे. नवं सॉफ्टवेअर ही रेघ आपोआप मारतं. भालेराव त्याला 'जावई' म्हणतात. "येतो थाटात, निस्तरायचं आपण."

कोपरीच्या मटणवाल्याकडेही त्यांना राहवत नाही. "ही कलेजी पाव किलो नाही रे. पंचवीस ग्रॅम कमी आहे." काटा दरवेळी भालेरावांची बाजू घेतो. मटणवाला आता त्यांना रांगेत उभंच करत नाही. सगळ्यांच्या आधी देऊन घालवतो.

नातेवाईक विनवायचे, "साहेब, थोडं बघा ना." भालेराव चष्मा पुसत म्हणायचे, "रेघेला नातं नसतं." हे वाक्य त्यांनी स्वतः बनवलेलं, त्यामुळे दिवसातून चारदा तरी वापरात असायचं.

मग शहाडच्या त्यांच्या ताईचं लिव्हर निकामी झालं. आई लवकर गेलेली. भालेरावांना वाढवलं ते ताईनेच. भालेराव स्वतःच मशीनमध्ये जाऊन आले, शर्टाची बटणं लावली आणि आपल्याच लिव्हरभोवती रेघ मारायला बसले. संध्याकाळी उत्तर आलं: मागे उरणार एकतीस टक्के.

डॉक्टर मॅडमनी फाइल उघडली. एक काप मोठा करून रेघेवर बोट ठेवलं.

"भालेराव, या रेघेच्या आत तुमचं जठरही आलंय."

"थोडंसंच आहे, मॅडम."

"पाच टक्के म्हणजे थोडंसं?"

"अहो, शेजारीच तर असतं!"

"उरतात सव्वीस. नाही जमायचं. ताईला वाचवायला जाल आणि तुम्हीच जाल."

ताईला कळलं तेव्हा तिने पडल्या पडल्या फोन केला. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्या सेंटरने ऐकलं. "गाढवा, शाळेत नापास झालास पण कॉपी केली नाहीस. आणि आता ह्या वयात?"

भालेराव म्हणाले, "तू औषध घेतलंस का?"

शेवटी ताईच्या मुलीचं लिव्हर जुळलं. तिची रेघ मारायची वेळ आली तेव्हा भालेरावांनी माउस मॅडमकडे सरकवला, मॅडमनी मारली. ताई आता बरी आहे, आणि भावाच्या रोजच्या तीन फोनांना वैतागली आहे.

गेल्या आठवड्यात जुन्या फायली साफ करताना मला भालेरावांच्या स्वतःच्या लिव्हरची त्या दिवसाची अकरा मोजमापं सापडली. पहिल्या दहांमध्ये उत्तर सव्वीसच होतं.