‘बघू’ या आज्ञेचा अधिकृत अर्थ

माणसाची भाषा आणि संगणकाची भाषा यांत मूलभूत भेद एकच आहे : संगणकाशी बोलताना मनात असेल तेच बोलावे लागते. मराठी ही त्या मानाने पुष्कळच प्रगत भाषा आहे.

हे ओळखूनच सत्त्याण्णव साली पेणला संगणक-मराठी समिती स्थापन झाली. अध्यक्ष भातगिरणीचे मालक दत्तात्रेयशेठ (जागा त्यांची, पंखाही त्यांचा). चिटणीस कमळाकर सर, गिरणीच्या माडीवर संगणकाचा क्लास चालवणारे. आणि प्रत्यक्ष काम करायला शीरा, रोह्याच्या बेने इस्राएल घरातली, रोज एस्टीने येणारी. तिच्या घरचे आता कायमचे इस्रायलला निघाले होते. तिने जाऊ नये असे कमळाकरला फार फार वाटे. पण तसे उघड म्हणणे त्याच्या मराठीत बसत नव्हते, म्हणून तो तिला रोज ‘चहा सांगू?’ एवढेच विचारी.

समितीचे धोरण उदात्त होते. आज्ञा मराठीत द्यायच्या, आणि त्याही शकुनाच्या. ‘कमी कर’ हे अशुभ. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो; डब्यातले तांदूळ संपत नाहीत, वाढतात. सबब वजाबाकीची आज्ञा ठरली ‘वाढव’.

“मग बेरजेला काय?” शीराने विचारले.

“तीही ‘वाढव’च,” कमळाकर म्हणाला.

“यंत्राला कळायचं कसं?”

“प्रसंग बघून.”

“त्याला प्रसंग नाय कळत, सर. एका शब्दाला एकच अर्थ लागतो त्याला.”

“अरसिक हाय मग,” शेठ म्हणाले, आणि तशी इतिवृत्तात नोंद झाली.

शीराने निमूटपणे बेरजेचा अर्थ घातला. पहिल्याच दिवशी गिरणीतून पोती जसजशी विकली गेली, तसतशी ती पडद्यावर वाढत गेली. दिवेलागणीला उभ्या तालुक्यात पिकत नाही इतका तांदूळ शिल्लक दिसला. (वखारीत उंदीर उपाशी होते.) शेठनी यंत्राला हार घातला.

पुढच्या बैठकीत ‘नाही’ हा शब्द उद्धट ठरला. वडखळच्या नाक्यावर रिक्षावाल्याला विचारा, नोकरीसाठी साहेबाला विचारा, मुलगी पाहून गेलेल्या पाहुण्यांना विचारा; ‘नाही’ कुणी म्हणत नाही, ‘बघू’ म्हणतात. तेव्हा नकाराची आज्ञा ‘बघू’ असावी, अशी सूचना कमळाकरनेच मांडली. एकमताने मंजूर. या शब्दाला दुसरा अर्थ नाही, असेही त्याने ठासून सांगितले. शीराने तो यंत्रात घातला.

त्याच आठवड्यात ती काम थांबवून खुर्चीवरून वळली.

“उद्या बाबा तिकिटं काढतायत. म्हणाले, तुला इथं ठेवून घेणारं कुणी असेल तर सांग, तुझं नाय काढत. सर, मी राहू?”

कमळाकरच्या छातीत खाडीची भरती चढली. बांधापर्यंत आली, बांधावरून डोकावली. ‘राहा’ हा शब्द अगदी ओठांवर होता. पण इतका उघडाबोडका शब्द त्याने जन्मात कुणापुढे वापरला नव्हता.

“बघू,” तो म्हणाला.

शीराने मान हलवली. अर्थ तिला पाठ होता.

निघायच्या दिवशी ती माडीवर आली. “जाते, सर.”

“जाते म्हणू नये गो,” त्याने चूक दुरुस्त केली. “येते म्हणावं.”

(त्या ‘गो’मध्ये सगळे काही होते. पण तो शब्द समितीपुढे कधी आलाच नव्हता.)

आपण म्हणाल, काय हा माणूस, एक शब्द सरळ बोलला असता तर! खरे आहे. आपल्याला गावाहून आईचा फोन येतो. ती विचारते, ‘जेवलास का?’ आपण ‘हो’ म्हणता आणि फोन ठेवता. संगणकालाही याहून अचूक उत्तर देता आले नसते.