अहवाल क्रमांक चारशे अठरा

भुताच्या कॉमिक्सचा ऑनलाइन सेल संध्याकाळी पाचला संपणार होता, आणि टकटकरावांची अजून एकशे ऐंशी पुस्तके बघायची राहिली होती.

टकटकराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. विकाऊ घर धड आहे की नाही, हे घेणाऱ्याला तपासून देणारी एक कचेरी होती. तिथे ते बावीस वर्षे तपासनीस होते. भिंत दिसली रे दिसली की ती बोटाने वाजवून बघायची, ही त्यांची सवय. मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा चहा येईपर्यंत त्यांनी भावी सासऱ्यांच्या तीन भिंती वाजवल्या होत्या. त्यातली एक पोकळ निघाली आणि हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितले. तेव्हापासून सासरे त्यांच्याशी जरा जपूनच बोलतात.

तर सेल. सेल म्हटला की कचरा आलाच. चारशे पुस्तके मांडलेली असली तरी त्यातली तीनशे नव्वद अशी, की भूत काय ते मुखपृष्ठावर भेटणार आणि आत नुसती पळापळ. उरलेल्या दहांत खरा माल. तो शोधायला नजर लागते, आणि ती टकटकरावांकडे होती. फुकट दाखवतात तेवढी पाने ते डोळ्यांत तेल घालून वाचत. पहिल्या पाच पानांत भूत दिसले की पुस्तक बाद. "चांगलं भूत घाई करत नाही," असे ते बायकोला सांगत. रक्ताची थारोळी दिसली तरी बाद, कारण लेखकाकडे गोष्ट नसली की तो रक्त सांडतो. आणि एखाद्या पानावर नुसते उघडे दार असेल, दारात कोणीच नसेल आणि तरीही पान उलटायला हात धजत नसेल, तर ते पुस्तक घ्यायचे म्हणजे घ्यायचेच.

"या घरात एक बाई अजून जिवंत आहे," बायको म्हणायची. "तिच्याकडेही बघा कधीतरी."

पसंत पडलेल्या पुस्तकाची नोंद मात्र ते कचेरीच्या टॅबवर, कचेरीच्याच फॉर्ममध्ये करत. पाया, भिंती, तळघर, रहिवासी, दोष, शिफारस. क्रमांकही घरांच्या अहवालांच्याच ओळीत पडे. आता यात त्यांचा तरी काय दोष? बावीस वर्षे एकच फॉर्म भरल्यावर माणसाचे डोकेच त्या फॉर्मसारखे होते. नंतर सगळ्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून ते शांतपणे ठरवत, कुठले घ्यायचे आणि कुठले सोडायचे.

त्या दिवशी दुपारी पावणेदोनला त्यांनी अशीच एक नोंद उघडली. पुस्तक होते 'खालच्या खोलीतले पाहुणे'. उघडून बघतात तर काय, आत लिहिलेले: 'उत्तरेच्या भिंतीला ओल. जिन्याच्या दोन पायऱ्या सैल.'

हा अहवाल होता सिस्टरच्या घराचा. क्रमांक चारशे सतरा. सकाळी खरेदीदारांना पाठवायचा होता तो.

"मग मी सकाळी पाठवलं काय?" टकटकराव स्वतःशीच म्हणाले.

घाईत नोंदींच्या नावांची अदलाबदल झाली होती आणि सकाळी गेला होता चारशे अठरा. त्यांनी तो काढून वाचला.

'पाया: भक्कम. खाली काय पुरले आहे ते बराच वेळ कळत नाही, हे विशेष.
भिंती: पूर्वेच्या भिंतीतून हात येतो. हात अतिशय सुबक.
तळघर: सहा जण. पैकी जिवंत कोणीही नाही.
रहिवासी: आजी सगळ्यात आधी जाते. तिचे जाणे चटका लावते.
दोष: शेवट फसला आहे.
शिफारस: या किमतीत पुन्हा मिळणार नाही. डोळे झाकून घ्यावे.'

टकटकरावांची नजर 'आजी' या शब्दावर अडकली. कारण खरेदीदार म्हणजे एक मास्तर, त्यांची बायको आणि मास्तरांची म्हातारी आई. म्हणजे घरात आजी होती.

आणि सिस्टर? सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. दोन वर्षांपासून त्यांचे घर विकले जात नव्हते. लोक यायचे, उत्तरेची भिंत बघायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि गडप व्हायचे. परगावी सिस्टरची थोरली बहीण एकटी राहत होती, तिच्याकडे कायमचे जायचे म्हणून सिस्टरने ट्रंका भरून ठेवल्या होत्या. त्या भरलेल्या ट्रंकांवर बसूनच त्या दोन वर्षे चहा पीत होत्या. आज तीन वाजता मास्तर सही करायला येणार होते. हे गिऱ्हाईक गेले तर पुढचे कधी येणार, कोणाला ठाऊक!

टकटकरावांनी मास्तरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. मग सेल, जेवणाचा डबा, सगळे तसेच टाकून त्यांनी स्कूटर काढली.

सिस्टरने दार उघडले. केस विंचरलेले, साडी नवी.

"या या! तुमचा अहवाल मिळाला म्हणे त्यांना. तोंड का असं पाडलंय?"

"सिस्टर, घोटाळा झालाय."

"ओल वाढली का?"

"ओल असती तर बरं झालं असतं," टकटकराव म्हणाले आणि त्यांनी टॅब पुढे केला.

सिस्टरने चष्मा लावून सावकाश वाचले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

"सहा जण?" त्या कडाडल्या. "माझ्या तळघरात? अहो, पस्तीस वर्षं राहतेय मी इथे! खाली जुन्या बादल्या आहेत आणि नवऱ्याची मोडकी सायकल आहे. आणि हा हात कुणाचा?"

"सिस्टर, ते कॉमिक आहे. भुताचं. सेलमध्ये होतं."

"तुम्ही भुतांची तपासणी करता?"

"चांगलं कुठलं ते बघतो. बरंच फालतू असतं हो."

सिस्टर मटकन ट्रंकेवर बसल्या. "गेलं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी एक गिऱ्हाईक आलं होतं, तेही तुमच्या भुतांनी खाल्लं. आता ताईला काय सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारले. टकटकरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मास्तर, मास्तरीणबाई आणि आजी. तिघांचेही चेहरे फुललेले.

"अरे वा, तपासनीससाहेबही आहेत!" मास्तर म्हणाले. "वर्गात होतो, फोन घेता आला नाही. अहवाल झकास हं तुमचा! डोळे झाकून घ्यावे! मी हिला म्हटलं, चल, आता विचार करायचा नाही."

टकटकरावांनी सिस्टरकडे पाहिले. सिस्टरने टकटकरावांकडे पाहिले.

"पूर्ण वाचलात?" टकटकरावांनी दबकत विचारले.

"छे हो! शेवटची ओळ वाचली. गणिताचा मास्तर मी. दिवसभर पोरांची रीत तपासतो. घरी आल्यावर नुसतं उत्तर बघतो."

सिस्टरचा चेहरा असा काही उजळला म्हणता! त्यांनी पुढे होऊन टकटकरावांच्या पायावर आपला पाय ठेवला आणि चांगला दाबून धरला. "बसा ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पेन आणते."

आता टकटकरावांनी गप्प बसायला काय हरकत होती? पण बावीस वर्षांत त्यांच्या हातून खोटा अहवाल गेला नव्हता. आजी बिचारी जिन्याच्या त्या सैल पायऱ्यांकडे कौतुकाने बघत होती. त्यांना राहवेना.

"मास्तर, सही करू नका," ते म्हणाले. "तुम्हाला चुकीचा अहवाल गेलाय. तो... म्हणजे या घराचा नव्हताच तो."

सिस्टरने पाय काढला आणि कपाळाला हात लावला.

मास्तरीणबाईंनी लगेच मोबाईल उघडला. "मोठ्यानं वाच गं," आजी म्हणाली. मास्तरीणबाई वाचू लागल्या. पुरलेले झाले, हात झाला, सहा जण झाले. 'आजी सगळ्यात आधी जाते' इथे त्यांचा आवाज अडखळला.

"कुठे जाते?" आजीने विचारले.

"जाते म्हणजे... जातेच, आई."

"अगंबाई! मी?" आजीने तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटले, म्हातारी घाबरली. पण पदराआडून खुदखुदण्याचा आवाज येऊ लागला. "चटका लावते म्हणे! ऐकलंस का रे? कुणाला तरी चटका लागतोय! आणि शेवट काय होतो हो त्याचा?"

"शेवटच तर फसलाय," टकटकराव अपराधी आवाजात म्हणाले.

मग मास्तर हसले, मास्तरीणबाई हसल्या, आणि जरा वेळाने सिस्टरही हसल्या. टकटकरावांच्या जिवात जीव आला. "खरा अहवाल हा," म्हणत त्यांनी चारशे सतरा पुढे केला. तो वाचता वाचता मात्र मास्तरांचे हसू मावळत गेले.

"ओल?" मास्तर म्हणाले. "उत्तरेची अख्खी भिंत? हे बघावं लागेल बुवा. सिस्टर, आम्ही तुम्हाला कळवतो."

'कळवतो' हा शब्द ऐकला मात्र, सिस्टर ताडकन उठल्या.

"वा रे वा! तळघरात सहा मढी आहेत म्हटलं तर खो खो हसलात. भिंतीतून हात आला तरी चाललं. आणि ओल म्हटल्यावर पळता? अहो, ओलीनं आजवर कुणाचा गळा धरलाय का?"

मास्तरांनी आजीकडे पाहिले. गणितात याला उत्तर नव्हते.

"बरोबर बोलतेय ती," आजी म्हणाली. "ओलीला गवंडी मिळतो. घर मला आवडलंय. पण काय हो साहेब, या खऱ्या अहवालात तळघरापुढे लिहिलंय, 'कोरडे. दारातून पाहिले.' दारातून का? खाली का नाही गेलात?"

टकटकराव लालबुंद झाले. जमिनीकडे बघत ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला."

"भीती वाटते," टकटकराव म्हणाले. "तळघराची. बावीस वर्षं वाटतेय. कॉमिक वाचून जास्तच वाटते."

यावर जे हसू फुटले ते आवरेपर्यंत पाच मिनिटे गेली. सिस्टरला तर पुन्हा ट्रंकेवर बसावे लागले. शेवटी आजीने डोळे पुसून फर्मान काढले. "सही आजच होईल. पण खाली कुणी नाही हे मला लेखी पाहिजे. शिक्क्यासकट. सगळ्यात आधी मी जाणार आहे म्हटल्यावर एवढं तरी मला मिळालंच पाहिजे!"

"बघितल्याशिवाय मी लिहीत नाही," टकटकराव म्हणाले.

"मग चला की! धरा माझा हात."

भर दुपारी, टॉर्च घेऊन, आजीचा हात घट्ट धरून टकटकराव बावीस वर्षांत पहिल्यांदा तळघराच्या पायऱ्या उतरले. मागून मास्तर आणि मास्तरीणबाई. खाली बादल्या होत्या, सायकल होती. टकटकरावांनी सवयीने भिंतीवर बोट वाजवले. टक, टक.

टक, टक, असे वरून उत्तर आले.

टकटकराव आजीला बिलगले ते सुटेनात. आजी ओरडली, "सोडा हो, बांगडी रुततेय!" आणि वर जिन्याच्या तोंडाशी फरशीवर पेन वाजवत उभ्या असलेल्या सिस्टर हसून हसून वाकल्या.

टकटकरावांनी चारशे सतरामध्ये स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखला आणि लिहिले, 'भुते: आढळली नाहीत. (आत जाऊन पाहिले.)' मास्तरांनी सही केली, या वेळी पहिल्या ओळीपासून सगळे वाचून. सिस्टरने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "ताई, विकलं गं! येतेय मी. नाही गं, रडत नाहीये, हसतेय. आल्यावर सांगते, तुझा विश्वासच बसणार नाही."

शिक्का मारायला अहवाल छापून कचेरीतल्या साहेबांकडे गेला. साहेबांनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिले.

"हा रकाना काय आहे?"

"गिऱ्हाइकानं मागितला, साहेब."

"आणि दोन वर्षं पडून असलेलं घर गेलं?"

"तासाभरात."

टकटकरावांना वाटले, आता नोकरी गेली. साहेबांनी शिक्का मारला आणि कागद परत दिला. पण मास्तरांनी शाळेत सांगितले, आजीने गल्लीत सांगितले, आणि महिनाभरात तीन गिऱ्हाइकांनी फोन करून 'तो भुतांचा रकाना आमच्याही अहवालात घाला' असे बजावले. मग एका सोमवारी कचेरीच्या सगळ्या टॅबांवर नवा फॉर्म आला. दोष आणि शिफारस यांच्या मध्ये ठळक अक्षरांत: 'भुते'. खाली बारीक अक्षरांत साहेबांची सूचना होती: 'तळघरात प्रत्यक्ष उतरून भरावे.'

तेव्हापासून टकटकराव प्रत्येक तळघरात उतरतात. एकटे. फक्त वरच्या पायरीवर क्षणभर थांबतात, घसा खाकरतात आणि अंधारात अदबीने हाक देतात, "कुणी आहे का? असलात तर आत्ताच सांगा, नंतर अहवाल बदलता येत नाही."